कोकणातला वाटपाचा दावा: तारखा कुठे अडतात आणि त्यातल्या किती आपल्या हातात असतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका गावात आजोबांच्या नावची जमीन, कलमांची बाग आणि राहते घर. वडिलांनी २०१९ मध्ये वाटपाचा दावा लावला. प्रतिवादी १७. काही गावात, बरेचसे मुंबई, ठाणे, विरारकडे, एक कुवेतला. सहा वर्षे होऊन गेली, दर दीड-दोन महिन्यांनी तारीख पडते आणि साक्ष अजून सुरू झालेली नाही. वडील ७८ वर्षांचे. निकाल कधी लागेल आणि नंबर लवकर लावून घेता येतो का?

आधी 'नंबर' या शब्दाबद्दल. दवाखान्यात जसा एकच नंबर असतो तसा कोर्टात नसतो. २०१९ चा दावा २०२१ च्या आधी निघेलच असे नाही. दावा ज्या टप्प्यावर असतो त्या टप्प्याच्या रांगेत तो उभा असतो: समन्स, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे (कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न), पुरावा, युक्तिवाद, निकाल. तुमचा दावा पुराव्याच्या रांगेत अजून आलेलाच नाही, म्हणून तिथला नंबर पुढे सरकण्याचा प्रश्नच येत नाही. कोकणातल्या वाटपाच्या दाव्यांत सर्वाधिक वर्षे मुद्दे निघण्याच्या आधी जातात. साक्षी-उलटतपासाला लागणाऱ्या वेळेवर पक्षकाराचा ताबा थोडाच असतो, पण मुद्द्यांच्या आधीची दिरंगाई पुष्कळशी वादीच्या कामावर अवलंबून असते. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे.

सहा वर्षे कुठे गेली ते अंदाजाने सांगू नका, मोजा. दाव्याचा सीएनआर क्रमांक घ्या. तो १६ अक्षर-अंकांचा असतो आणि 'एमएच'ने सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकला की पडलेल्या सगळ्या तारखा आणि प्रत्येक तारखेचे प्रयोजन दिसते. तिथे वारंवार 'स्टेप्स' असे दिसले तर त्याचा अर्थ सरळ आहे: कोर्ट तुमच्यासाठी थांबले आहे, तुम्ही कोर्टासाठी नाही. समन्सचा भत्ता भरायचा राहिला आहे, नवा पत्ता द्यायचा आहे किंवा वारस आणायचे आहेत. संकेतस्थळावर एका शब्दात लिहिलेले असते, त्यामुळे रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले त्या नोंदवहीची, नक्कलही मागवा. मग वहीत प्रत्येक तारखेपुढे कारण लिहा: बेलिफाचा अहवाल आला नाही, वादी गैरहजर, प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज, न्यायाधीश रजेवर, वेळेअभावी. ४० तारखांपैकी २२ समन्सच्या निघाल्या तर औषध कुठे लावायचे ते आपोआप कळते. वकिलांशी बोलायलाही ही वही उपयोगी पडते, कारण 'काहीच होत नाही' या तक्रारीला उत्तर देता येत नाही, पण 'प्रतिवादी ९ आणि १४ यांचे समन्स चार वेळा परत आले' याला देता येते.

समन्सवर थोडे थांबायला हवे, कारण कोकणातला दावा पहिल्यांदा इथेच रुततो. दावा लिहिताना सातबाऱ्यावरची नावे उतरवतात आणि पत्ता म्हणून गावचे नाव घालतात किंवा आत्याने सांगितलेली लालबाग-परळची चाळ. ती चाळ पाडून टॉवर झालेला असतो, भाऊबंद विरार-बदलापूरला गेलेले असतात. समन्स 'सदर इसम येथे राहत नाही' या शेऱ्याने परत येते. त्यातच बाहेरच्या कोर्टाचे समन्स मुंबईत बजावायचे तर ते तिथल्या लघुवाद न्यायालयामार्फत जाते. ठाणे, कल्याण, वसईचे त्या त्या कोर्टाकडे. गावच्या कोर्टाचा नाझर (समन्स आणि भत्त्याचे काम पाहणारा कर्मचारी) ते पाठवतो, तिकडचा नाझर बेलिफाला देतो, बेलिफाचा अहवाल उलट्या वाटेने येतो. या फेरीत दोन तारखा सहज निघून जातात. १७ जणांचे समन्स एकदम न निघता तुकड्या-तुकड्यांनी निघाले की दोन तारखांच्या जागी १२ होतात.

उपाय असे. पहिला, सगळ्यांचे पत्ते एकाच वेळी खरे करून घ्या. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची यादी, देवस्थानाच्या वर्गणीची पावती, मतदार यादी, अलीकडच्या वारस नोंदीच्या फेरफाराला जोडलेले अर्ज, यांत खरे पत्ते सापडतात. गणपतीत आणि शिमग्याला माणसे स्वतःच गावी येतात. त्या आठवड्यात गावच्या पत्त्यावर बजावणी होऊ शकते. मात्र त्यासाठी भत्ता महिनाभर आधी भरलेला हवा आणि समन्सवरची पुढची तारीख सणानंतरची हवी. दुसरा, फक्त बेलिफावर राहू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये पोच असलेले टपाल, स्पीड पोस्ट, कुरिअर, ई-मेल असे मार्ग दिलेले आहेत, आणि नियम ९-अ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीने वादी स्वतः समन्स घेऊन बजावू शकतो. त्याला हमदस्त म्हणतात. टपाल घ्यायला नकार दिल्याचा शेरा आला तर बजावणी झाली असे कोर्ट धरू शकते. घरातल्या सज्ञान माणसाने घेतले तरी चालते, मात्र नोकराने घेतलेले चालत नाही. तिसरा, माणूस टाळतोय किंवा सापडतच नाही हे दोन-तीन अहवालांवरून दिसले की नियम २० प्रमाणे वर्तमानपत्रातून जाहीर समन्सचा अर्ज द्या. हा अर्ज फार उशिरा दिला जातो. मात्र आधीचे अहवाल व्यवस्थित नसतील तर जाहीर समन्सवर मिळालेला एकतर्फा हुकूम पुढे उलटतो आणि दावा मागे येतो. म्हणून अर्जासोबत प्रत्येक प्रयत्नाची तारीख आणि शेरा यांचे शपथपत्र जोडा.

समन्स परत आल्यावर सात दिवसांत नव्या समन्सचा अर्ज दिला नाही तर त्या प्रतिवादीविरुद्धचा दावा काढून टाकण्याचा अधिकार आदेश ९ नियम ५ ने कोर्टाला दिला आहे. वाटपात एक हिस्सेदार गळाला की सगळा दावाच लंगडा होतो. कुवेतच्या नातलगाला सरकारी मार्गाने समन्स पाठवण्याची वाट सगळ्यात लांबची. त्यांच्याशी बोलणे असेल तर त्यांनी भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवून गावच्या वकिलाला वकीलपत्र द्यावे. ते मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचे असते. ते राहून गेले तर ऐन वेळी कागद अडतो.

यानंतरची अडचण मयत प्रतिवादींची. सतरा माणसे, त्यातली निम्मी सत्तरीपुढची. सहा वर्षांत कुणी ना कुणी जाणारच. प्रतिवादी वारल्यापासून ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात. ती मुदत चुकली की त्याच्यापुरता दावा संपतो. मग पुढच्या ६० दिवसांत दावा असा संपल्याचा परिणाम रद्द करून घेण्याचा अर्ज, तोही चुकला तर विलंबमाफी. प्रत्येक अर्जाला वेगळी नोटीस, म्हणजे पुन्हा समन्सचीच यात्रा. मयताचे चार वारस म्हणजे चार नवे पत्ते. म्हणून दर तीन महिन्यांनी गावात फोन करून सगळे हयात आहेत ना हे विचारण्याची सवय ठेवा. ऐकायला कठोर वाटते, पण याने वर्षे वाचतात. इथे एक तरतूद फारशी वापरली जात नाही: आदेश २२ नियम ४ पोटनियम ४. जो प्रतिवादी हजरच झाला नव्हता किंवा ज्याने कैफियतच दिली नव्हती, तो वारला तर त्याचे वारस आणण्यापासून कोर्ट वादीला सूट देऊ शकते. ही सूट निकाल होण्याआधी मागून घ्यावी लागते. तुमच्या १७ पैकी जे कधीच आले नाहीत त्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. शिवाय मयत झालेला माणूस आधीच प्रतिवादींतल्या दुसऱ्याचा बाप असेल आणि त्याचे सगळे वारस रेकॉर्डवर आधीच असतील, तर तेवढे कळवणारी पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेले छोटे लेखी निवेदन, पुरते.

त्याच वेळी दाव्यातच खोट आहे का ते पाहून घ्या. सगळे हिस्सेदार आणि सगळ्या मिळकती दाव्यात हव्यात. जुन्या वळणाने लिहिलेल्या दाव्यांत आत्या आणि बहिणी सुटलेल्या असतात. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार, आहे आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. 'तोंडी वाटणी पूर्वीच झाली' हा बचावही सहसा तितकासा टिकत नाही. सरकारी कागदांतून ती दिसली पाहिजे. सुटलेली बहीण निकालाच्या तोंडाशी आली तर मुद्दे, पुरावा सगळे मागे. तसेच एखादा सर्व्हे नंबर किंवा दुसऱ्या गावची जागा राहिली असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्या. पुरावा सुरू झाल्यावर आदेश ६ नियम १७ प्रमाणे दुरुस्ती अवघड होते. पूर्वी का केली नाही याचे समाधानकारक कारण द्यावे लागते.

कैफियतीबद्दल थोडक्यात. मुदत ३० दिवस, कारण नोंदवून ९० पर्यंत. व्यापारी दाव्यांत १२० दिवसांची मर्यादा कडक आहे, आपल्या साध्या दिवाणी दाव्यात ९० ची मर्यादा मार्गदर्शक मानली जाते, म्हणून कोर्ट खर्च लावून उशिराची कैफियत घेते. तुम्ही काय करायचे? ९० दिवस उलटताच 'विना कैफियत' हुकमाचा अर्ज द्यायचा. हुकूम पुढे रद्द झाला तरी प्रतिवादी जागा होतो आणि रोजनाम्यात उशीर कुणामुळे झाला याची नोंद राहते. हा शेवटचा भाग पुढे उपयोगी पडतो.

आता कुळाचा मुद्दा. हा कोकणातल्या दाव्यांना लागलेला सगळ्यात मोठा ब्रेक आहे आणि बाहेरच्यांना तो कळत नाही. प्रतिवादीने कैफियतीत 'या जमिनीत आम्ही कूळ आहोत' असे म्हटले आणि तसा मुद्दा निघाला, तर तो ठरवण्याचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही. कुळकायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे कोर्ट दावा थांबवते आणि मुद्दा तहसीलदाराकडे पाठवते. तहसीलदार, मग प्रांत, मग महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय. या काळात दिवाणी कोर्टात फक्त 'अहवालाची प्रतीक्षा' अशी तारीख पडत राहते. पण कुणी 'कूळ' हा शब्द उच्चारला म्हणून मुद्दा पाठवलाच पाहिजे असे नाही. खंड कुणाला दिला, कधीपासून, पावती कुठे, सातबाऱ्याच्या कूळ स्तंभात नाव कधी आले, असा तपशील कैफियतीत नसेल तर तो मुद्दा काढू नये असा युक्तिवाद मुद्दे काढण्याच्या तारखेलाच करा. सहहिस्सेदार जमीन कसतो तो कुटुंबाचा म्हणून कसतो. कलम ४ मध्येही मालकाच्या कुटुंबातला माणूस 'मानीव कूळ' होत नाही. १९५० पासूनचे सातबारे आणि फेरफार हाताशी असतील तर हा युक्तिवाद दोन पानांत होतो. नसतील तर तुमच्या हातात काही उरत नाही. आणि मुद्दा गेलाच, तर तहसीलदारांच्या कोर्टातही तारखेला जा. दिवाणी कोर्टातल्या तारखेला हजर राहून तिकडे न जाणारे पुष्कळ असतात.

निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. तो महत्त्वाचा आहे, पण त्याची किंमत ओळखून द्या. निशाणी ५ वर दोन वर्षे, त्यावरच्या हुकमाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील, आणि मग मूळ रेकॉर्ड जिल्ह्याला मागवले गेले की तालुक्यात दावा गप्प बसतो. अपील दाखल झाले म्हणून दावा थांबत नाही. स्थगितीचा स्वतंत्र हुकूम लागतो. पण कागदच जागेवर नसले तर न्यायाधीश काय करणार? अपिलात प्रमाणित नकलांवर काम चालवावे आणि रेकॉर्ड परत पाठवावे असा अर्ज देता येतो. वर उच्च न्यायालयाची स्थगिती असेल तर ती सहा महिन्यांनी आपोआप उठते, असा समज अजून आहे. तो २०१८ च्या निकालावर बेतलेला होता. २९ फेब्रुवारी २०२४ ला घटनापीठाने तो निकाल फिरवला. स्थगिती उठवायची तर अर्जच करावा लागतो.

मग वडिलांची साक्ष. माझ्या मते तुमच्या दाव्यात याहून तातडीचे काम नाही. वडील जमिनीचा इतिहास जाणणारे बहुधा एकटेच. ते गेले तर वारस म्हणून तुम्ही पुढे याल, पण कोणत्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) कुणाची वहिवाट होती, कलमे कुणी लावली, १९७० च्या सुमारास शेतातला मांगर (खोपटे) कुणी बांधला, हे तुम्ही स्वतःच्या माहितीने सांगू शकणार नाही. आदेश १८ नियम १६ प्रमाणे पुरेसे कारण असेल तर दावा दाखल झाल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर साक्षीदाराची साक्ष ताबडतोब नोंदवता येते. मुद्दे निघण्याची वाट पाहावी लागत नाही. वय, डॉक्टरांचा दाखला, आणि त्यांना स्वतःला काय माहीत आहे याचा उल्लेख करून अर्ज द्या. चालता येत नसेल तर आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर घरी येऊन साक्ष घेऊ शकतो. व्हिडिओवरून साक्ष घेण्याचे मुंबई उच्च न्यायालयाचे नियमही आहेत, पण गावच्या नेटवर्कवर ते कितपत जमेल ते आधी तपासून घ्या.

साक्ष लवकर मिळाली तरी ती अर्धवट राहू देऊ नका. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष, शपथपत्रावर होतो, आणि उलटतपास झाल्याशिवाय त्या शपथपत्राला पुरावा म्हणून वजन नसते. शपथपत्र दाखल करून माणूस वारला तर हाती कागदच उरतो. म्हणून शपथपत्रासोबतच सगळे कागद यादीसह द्या: सातबाऱ्याचे जुने उतारे, फेरफार, घरपट्टीचा उतारा, वंशावळ, मृत्यूचे दाखले. प्रमाणित नकला आधी काढून ठेवा. नक्कल न मिळाल्याने पुढे गेलेली तारीख ही सगळ्यात फुकट गेलेली तारीख. मोडीतला कागद असेल तर मान्यताप्राप्त मोडी जाणकाराचे लिप्यंतर जोडा. मोबाइलवरचे फोटो किंवा ध्वनिफिती द्यायच्या असतील तर प्रमाणपत्र लागते: तुमच्यासारख्या १ जुलै २०२४ च्या आधीपासून प्रलंबित दाव्यात जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे, त्यानंतरच्या दाव्यांत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे. आणि मुंबईत राहणाऱ्यांची नेहमीची चूक: 'मी वडिलांचा मुखत्यार, मीच साक्ष देतो.' मुखत्यार दाव्याचे काम पाहू शकतो, पण जे वडिलांच्या वैयक्तिक माहितीतले आहे त्याची साक्ष त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. डिसेंबर २००४ च्या जानकी वाशदेव भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे आणि उलटतपासात पहिला प्रश्न यावरच येतो.

पुरावा सुरू झाला की उशिराची कारणे बदलतात. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. सकाळी रिमांड आणि जामीन आले की ते आधी, कारण तिथे माणूस कोठडीत असतो. धनादेशाचे खटले, पोटगी, त्यानंतर दिवाणी पुरावा. साठ-सत्तर प्रकरणांच्या बोर्डावर एखाद-दुसराच उलटतपास पूर्ण होतो. देशभरातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि दहा लाख लोकांमागे न्यायाधीशांची मंजूर पदे सुमारे २१. पन्नास असावेत असे विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तसे निर्देशही दिले. न्यायाधीशांची बदलीही होते. साक्ष नोंदवलेली असेल तर पुढचे न्यायाधीश तिथूनच चालवतात. पण युक्तिवाद ऐकून निकाल राहिला आणि बदली झाली तर युक्तिवाद पुन्हा करावा लागतो. म्हणून युक्तिवाद बदल्यांच्या, म्हणजे मे महिन्याच्या, तोंडावर आला असेल तर लेखी युक्तिवाद तयार ठेवा आणि एका तारखेत संपवा.

प्रतिवादी मुदती मागत असेल तर आदेश १७ नियम १ दाखवा: सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. अगदी हाताबाहेरच्या कारणासाठी कोर्ट जास्त देऊ शकते, पण ते कारण लेखी हवे आणि खर्च लावता येतो. विरोध तोंडी करू नका. मुदतीच्या अर्जावरच 'हरकत, ही अमुकावी मुदत' असे लिहून द्या. आणि तुमचे साक्षीदार मुंबईहून येणार असतील तर त्यांना आदल्या रात्रीच्या गाडीने आणून सकाळी कोर्टात बसवा. वादी हजर, साक्षीदार हजर, कागद हजर असे दोनदा रोजनाम्यात नोंदले गेले की तिसऱ्या मुदतीला न्यायाधीशांचा हात आखडतो.

नंबर लवकर लावून घेण्याचा अर्ज करता येतो, आणि तो पहिल्यांदा त्याच कोर्टात करायचा. वादी ज्येष्ठ नागरिक असल्याचा पुरावा, दाव्याचे वर्ष, आजचा टप्पा, आणि वहीतला तो हिशेब: किती तारखा कशासाठी गेल्या. ऑक्टोबर २०२३ च्या यशपाल जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दिवाणी दाव्यांसाठी निर्देश दिले आहेत आणि पाच वर्षांहून जुन्या प्रकरणांवर उच्च न्यायालयांनी लक्ष ठेवावे असे म्हटले आहे. तुमचा दावा त्यात बसतो, म्हणून त्या निकालाची प्रत जोडा. तिथे काहीच घडले नाही तर घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात मुदतबद्ध निकालाची विनंती करता येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबईला जायचे नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच या दोन्ही जिल्ह्यांचे काम पाहते. रायगड मुंबईकडेच आहे. मात्र वर सांगितलेल्या २०२४ च्या घटनापीठानेच असेही म्हटले आहे की खालच्या कोर्टांना ठरावीक मुदत घालून देणे हे अपवादानेच करावे, कारण एकाला पुढे घेतले की दुसरा तितकाच जुना पक्षकार मागे पडतो. त्यामुळे समन्सच तामील नसताना तिथे गेलात तर तुमचाच रोजनामा तुमच्यावर उलटेल. आधी आपली बाजू पूर्ण, मग हा अर्ज.

निकालाबद्दल एक गैरसमज दूर करतो. वाटपाच्या दाव्यात पहिला निकाल म्हणजे प्राथमिक हुकूमनामा. त्यात कुणाचा किती हिस्सा एवढेच ठरते. त्यावर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. जो तेव्हा अपील करत नाही त्याला अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात हिस्सा उकरून काढता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९७. त्यानंतर शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप त्याच संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख कार्यालय, मोजणी, वाटपतक्ता, हरकती, ताबा. घराचे वाटप कोर्ट कमिशनरमार्फत. पूर्वी पक्षकार प्राथमिक हुकूमनामा कपाटात ठेवत आणि अंतिमसाठी अर्ज करायला वर्षे लावत. २०२२ मध्ये कट्टुकंडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेगळ्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने पुढे जावे. तरी निकालाच्याच दिवशी पुढची तारीख लावून घेण्याची विनंती करा.

मोजणीचे गणित कोकणात वेगळे. जून ते सप्टेंबर भाताच्या मळ्यांत आणि वाढलेल्या रानात काम होत नाही म्हटले तरी चालेल. म्हणजे कागद मे अखेरीस भूमी अभिलेखला पोचले तर पुढचा खरा मुहूर्त दिवाळीनंतरच. मोजणीच्या दिवशी गडग्यावरची झाडी तोडून सीमा मोकळ्या ठेवणे, सगळ्या हिस्सेदारांना नोटीस मिळाल्याची खात्री करणे हे काम तुमचेच; नोटीस मिळाली नाही म्हणून एकाने हरकत घेतली की मोजणी पुन्हा. शिवाय १२ गुंठ्यांना २० हिस्सेदार असतील तर तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरची बंदी, आड येते. अशा ठिकाणी एकाने जागा घेऊन बाकीच्यांना पैसे द्यावेत किंवा १८९३ च्या वाटप कायद्याखाली विक्री करून रक्कम वाटावी, हे पर्याय आधीच मांडून ठेवा.

या सगळ्यात तडजोडीचा विचार अर्ध्या रस्त्यात सोडू नका. १७ पैकी किती जणांचे खरोखर भांडण आहे हे मोजा. बहुतेकांना आपला हिस्सा लिहून मिळाला की पुरे असते. भांडण दोघा-तिघांचे असते, आणि बहुधा घराच्या पडवीवरून किंवा बागेवरून. संहितेच्या कलम ८९ खाली मध्यस्थीचा अर्ज गणपतीच्या आसपासच्या तारखेला लावून घ्या, कारण तेव्हाच सगळे एका ठिकाणी असतात. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात १२० दिवस आणि संमतीने आणखी ६० अशी मर्यादा आहे. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही, म्हणजे पुढची दोन अपिले वाचतात. तडजोडीत सगळ्यांच्या सह्या हव्यात, अज्ञान मुलाच्या वतीने सही असेल तर कोर्टाची स्वतंत्र परवानगी हवी, आणि दाव्याबाहेरची जागा तिच्यात घातली तर ती नोंदणीकृत करावी लागते. तडजोडीला नकाशा जोडा. 'पूर्वेकडची बाजू अण्णांना' एवढेच लिहिलेले असेल तर त्याची मोजणी होत नाही आणि पुढे दरखास्तीत, म्हणजे हुकमाची अंमलबजावणी करून घेताना, नवे भांडण सुरू होते.

शेवटचे, पण वेळेशी थेट जोडलेले. बाग ज्याच्या ताब्यात आहे तो दर हंगामाला आंबा उतरवतो आणि पैसे घेतो. त्याला घाई असण्याचे कारण काय? त्याने दर वर्षी आंब्याचा हिशेब कोर्टात द्यावा आणि इतरांच्या हिश्श्याची रक्कम कोर्टात भरावी असा अर्ज द्या. झाडांची संख्या, बाजारभावाच्या पावत्या, आधीच्या वर्षांचे उत्पन्न जोडा. टाळाटाळ झाली तर रिसीव्हर, म्हणजे बाग सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, मागता येतो. हा अर्ज मंजूर झाला की लांबणीचा फायदा संपतो आणि तडजोडीला तोच माणूस आधी येतो. जमीन कुणी परस्पर विकू नये म्हणून दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवा.

पुढच्या तारखेला मात्र तीनच कागद घेऊन जा: न बजावलेल्या प्रत्येक प्रतिवादीचा नवा पत्ता आणि हमदस्त समन्सचा अर्ज, मयतांच्या वारसांचा अर्ज, आणि वडिलांची साक्ष ताबडतोब घेण्याचा अर्ज. भत्ता त्याच दिवशी नाझराकडे भरा आणि पावती फाइलला लावा.